सहा कोनांची पेटी आणि मामाचे दोन हात

नाशिकरोड,
दि. ७ फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप दाजी यांच्या चरणी मेहुणा भिकन याचा साष्टांग नमस्कार.

इकडे देवीच्या कृपेने आम्ही सगळे खाऊन-पिऊन सुखी आहोत. तुमचा गुडघा थंडीबरोबर गेला (म्हणजे दुखणं गेलं) की अजून मुक्कामाला आहे, ते कळवावं. अक्काचा खोकला थांबला असेलच. तिने मध्ये कार्डावर 'बरी आहे' एवढंच लिहिलं होतं. (पोस्टमन वाचतो म्हणून ती कार्डावर दुखणं लिहीत नाही, आणि फोन केला तर खोकल्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्या तब्येतीचा पत्ता लागणं अवघड.) सविताला आशीर्वाद. लग्नाच्या साड्या घ्यायला ती नाशिकला आली तेव्हा मामीच्या हातचं थालीपीठ पोटभर खाऊन गेली, पण मामाचं वादन ऐकायचं तेवढं राहिलं, कारण तिची बस सुटायची होती. बसला अजून बराच वेळ होता असं आमची वत्सला म्हणते, पण ते असो.

तुमचं पत्र पोचलं. दाजी, तुम्ही चांदवडची माणसं फार रोखठोक. मी एवढी ख्यालीखुशाली लिहितो आणि तुम्ही पहिल्याच ओळीत मुद्द्याचा गळा धरता. वैशाखात सविताचं लग्न आहे, भटजी माईकवरून 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' असं पुकारतील तेव्हा उठायचं कोणी, भिकनने की लहानूने, ते तुम्ही दोघा भावांनी आपसात ठरवा, आणि तुमचं नाही ठरलं तर मी मालेगावच्या चुलत मामाला उभा करीन, असं तुम्ही लिहिलंत. चुलत मामा. दोन सख्खे मामा जिवंत असताना आमची भाची एका चुलत माणसाचा हात धरून मांडवात येणार, हे वाचून मला दुपारचं जेवण गेलं नाही. (रात्री थोडं जेवलो.) तुमच्या थोरल्या ललिताच्या लग्नात जे झालं ते परत नको, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण जे झालं त्यात माझी काही चूक होती असं मी म्हणत नाही. भटजींनी पुकारा केला, मी मोठा म्हणून मी उठलो, तिकडून लहानूही उठला, मी ललिताचा उजवा हात धरला, त्याने डावा धरला, आणि दोघांनी दोन बाजूंनी निघायचं ठरवलं. (अक्काने आम्हा दोघांनाही वेगवेगळं गाठून 'मामा तूच रे' असं सांगितलं होतं, हे मी तेव्हाही बोललो नाही आणि आताही बोलत नाही.) मधल्यामध्ये पोरीच्या मुंडावळ्या सुटल्या, लहानूची नवी टोपी खाली पडली, आणि तो ती तशीच टाकून वणीच्या जीपमध्ये जाऊन बसला. तेव्हापासून त्याने आमच्याकडे यायचं बंद केलं आणि मी त्याच्याकडे जायचं. तर लहानूचा विषय मी काढत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देणार आहे. पण कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला सांगता येत नाही, हे तुम्हाला तुमच्या स्वतःच्या लग्नापासून माहीत आहे. तेव्हा आधी कॉन्सर्टिना.

कॉन्सर्टिना म्हणजे एक सहा कोनांची, दोन हातांत मावणारी पेटी. मध्ये कागदी कंदिलासारखा घड्यांचा भाता आणि दोन्ही टोकांना बटणं. दोन्ही पंजे कातडी पट्ट्यांत अडकवायचे, भाता ओढायचा आणि दाबायचा, आणि बोटांनी सूर काढायचे. देवळाली कॅम्पात रिबेलोबाई म्हणून एक म्हाताऱ्या संगीताच्या शिक्षिका राहायच्या. मी सुट्टीच्या दिवशी बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यातून ओळख झाली. गेल्या पावसाळ्यानंतर त्या वसईला बहिणीकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा सामान बांधायला मी गेलो होतो. कपाटावरच्या डब्यातून ही निघाली. मी हातात घेतली, सहज ओढली, आणि तिच्यातून असा काही सूर निघाला की बाई हातातली चादर तशीच धरून खाली बसल्या. तरुणपणी त्या कॅम्पातल्या हॉलमध्ये नाचासाठी हीच वाजवायच्या म्हणे. म्हणाल्या, घेऊन जा, पण कपाटावर ठेवणार असशील तर नेऊ नकोस. दाजी, सगळ्या नाशिक जिल्ह्यात कॉन्सर्टिना वाजवणारा माझ्याशिवाय दुसरा माणूस असेल तर मला दाखवून द्यावा. (मी चौकशी केली आहे. नाही.)

आता तुम्ही म्हणाल, भिकन लहानपणापासून भजनाला पेटी वाजवतो, त्याला हे काय अवघड. मीही तेच म्हणालो होतो. पण आपल्या पेटीला एक हात हवा देतो आणि दुसरा सूर काढतो, दोघांची कामं वाटलेली असतात आणि कोणी कोणाच्या कामात नाक खुपसत नाही. हिच्यात दोन्ही हातांनी दोन्ही कामं करायची. त्यातून वर आगाऊपणा असा, की बटण तेच, पण दाबताना एक सूर आणि ओढताना दुसराच. मी घरी पहिला अभंग धरला, एका सुरावर छान थांबलो, डोळे मिटले, आणि भात्यातली हवा संपली. उलटा ओढला तर विठ्ठलाच्या ठिकाणी भलताच सूर. अंगठ्यापाशी एक बटण आहे, ते दाबलं की आवाज न होता नुसती हवा आतबाहेर करता येते. आवाज न होता म्हणजे सूर न होता. फुस्स असा आवाज होतोच. तो ऐकून शेजारच्या भिमाबाईंनी आपला गॅस बंद केला, मग येऊन आमचा बंद केला, मग चाळीतल्या सगळ्यांचे बंद करत गेल्या. त्या दिवशी अख्ख्या चाळीत दुपारचा स्वयंपाक उशिरा झाला, आणि तो कोणामुळे झाला हे वत्सलाने सगळ्यांना सांगितलं.

सामान बांधून झाल्यावर रिबेलोबाई निघेपर्यंत जे थोडे दिवस मिळाले, त्यात मी त्यांच्याकडे शिकायला जात होतो. त्यांचं एकच पालुपद. म्हणायच्या, मिस्टर भिकन, तुम्ही खूप चांगलं वाजवता, पण तुमच्या वाजवण्यात सगळे बसलेले आहेत, कोणी उभंच राहत नाही. सूर धरून ठेवू नका, सोडून द्या. दोन सुरांच्या मधे जी फट राहते ना, पाय तिथे पडतो. डावं टोक डाव्या मांडीवर टेकवा, उजवंच हलवा, आणि भाता वीतभरसुद्धा उघडू नका, बोटभर ओढा, बोटभर दाबा. मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा लांबलचक सूर धरले. आपला हात भजनातला आहे, ज्याने एवढी वर्षं सूर ओढून-ओढून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं त्याने आता बोटभर ओढायचं, हे मला कमीपणाचं वाटलं. आमच्या मंडळाच्या बुवांनीही ऐकून पसंती दिली होती. (त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, पण ते त्या बाजूला बसले नव्हते.)

मग आलं हिरामणच्या भावाचं लग्न. हिरामण म्हणजे आमच्या कंपनीतला माझ्या शेजारच्या मशीनवरचा. त्याचं गाव सिन्नरच्या अलीकडे. वरात निघायच्या वेळेला बेंजो पार्टीचा जनरेटर बंद पडला. नवरदेव घोड्यावर, बायका नटूनथटून रस्त्यावर, आणि बेंजो गप्प. मी कॉन्सर्टिना बरोबर घेऊन गेलो होतो. (उगाच नाही, वाटेत दाखवायला.) हिरामण माझ्याकडे बघायला लागला. मी पट्ट्यांत हात घातले, एकदा घसा साफ केला, आणि वाजवायला सुरुवात केली. गाणं नाचाचंच घेतलं होतं, खोटं सांगत नाही. पण दाजी, कोणी नाचेना. पुढची पोरं हळूहळू सरळ उभी राहिली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. एका म्हाताऱ्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडले. ते बघून नवरदेवानेही घोड्यावरूनच हात जोडले, आणि घोडासुद्धा मान खाली घालून उभा. मला आधी वाटलं, काय हा मान, काय ही माणसं. मग मागून कोणीतरी विचारलं, आरती संपल्यावर तरी बेंजो सुरू होईल का. दाजी, तुम्हाला म्हणून सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी पेटीसकट आत गेलो असतो.

तिथे संबळ वाजवणारा बहिरू म्हणून होता. त्याने वाजवायचं थांबवलं, माझ्याजवळ आला, आणि म्हणाला, "लय लांबवता राव तुम्ही. माझी काठी कुठं पडू? मला जागाच नाय." रिबेलोबाई आणि बहिरू यांची जन्मात भेट झालेली नाही, आणि दोघं तेच बोलत होती. मग मी अभिमान बाजूला ठेवला. हिरामणच्या मोपेडवर मागे, पाठीला पाठ लावून, वरातीकडे तोंड करून बसलो, कारण बसून मांडी मिळाल्याशिवाय डावं टोक ठेवायचं कुठे. तो हळूहळू पुढे नेतोय, मी उलटा चाललोय. भाता मिटवून घेतला. सूर लागला की लगेच बोट उचललं. डाव्या हाताची जोडसुरांची बटणं बहिरूची काठी पडून गेल्यावरच दाबली, आधी नाही. आणि भात्याला ओढ-दाब, ओढ-दाब असे छोटे झटके दिले. बटणाचा जो खोडसाळपणा मला इतके दिवस नडत होता, दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा, तोच आता उपयोगी पडला. सूर बदलायचा म्हणून भाता उलटा फिरवावा लागतो, आणि भाता उलटा फिरला की आपसूक ठेका बसतो. पहिल्यांदा तो चपला काढलेला म्हातारा हलला. त्याने चपला घातल्या नाहीत, तसाच अनवाणी नाचायला लागला. मग पोरं, मग करवल्या, मग हिरामणची आजी कुसाबाई, जिला घरातून दोघांनी धरून आणलं होतं, ती दोघांनाही सोडून मधे आली. आमची वत्सला नाचली, दाजी. तुमच्या मेहुण्याच्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाजवण्यावर नाचून दाखवलं. (विचारलं तर नाही म्हणेल. साक्षीदार आहेत.) वरात पुढे सरकेना. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी मांडवातून तरातरा चालत आले, ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यांचा एक पाय ठेका धरायला लागला तो त्यांना बराच वेळ आवरेना. बेंजोचा जनरेटर मधे सुरू झाला होता, पण लोकांनी त्यांना बंद करायला लावलं. हे मी माझ्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण तिकडे सांगायला दुसरं कोणी नाही.

एक अडचण मात्र झाली, आणि ती नीट वाचा, कारण ती पुढे कामाची आहे. या पट्ट्या एकदा आवळल्या की हात लवकर निघत नाहीत. मांडवात पोचलो तर वरमायांनी माझ्या तोंडाला हळद फासली, मला अडवता येईना. कोणी टॉवेल गळ्यात घातला, कोणी टोपी घातली, ती डोळ्यांवर आली, मला सारता येईना. नाकावर माशी बसली, ती तिच्या मनाने उठली. शेवटी बायकांनी मला जिलेबी भरवली, एक झाली की दुसरी, आणि मी नाही म्हणायला हात हलवणार कसा. (वत्सला समोर बसून हे सगळं बघत होती आणि जिलेब्या मोजत होती.)

परत येताना बसमध्ये मात्र एक गोष्ट मनात आली ती डोक्यातून जाईना. तो भात्याचा झटका माझ्या हातात आला कुठून? मी तर आयुष्यभर सूर ओढले. मग आठवलं. आमच्या दादांची, म्हणजे तुमच्या सासऱ्यांची, भजनाची पेटी होती, तिचा भाता इतका कडक होता की लहानपणी माझा हात पुरायचा नाही. म्हणून मी पुढे बसून सूर काढायचो आणि लहानू मागे बसून दोन्ही हातांनी भाता मारायचा. एक पेटी, वाजवणारे दोघं. लहानू मधेच खोडी म्हणून भात्याला असे छोटे झटके द्यायचा, की अभंग चालू असताना ऐकायला बसलेल्या बायकांचे पाय हलायला लागायचे, आणि दादा त्याच्या टाळक्यात मारायचे. मारून झालं की स्वतः हसायचे. सिन्नरच्या रस्त्यावर जे नाचले ते त्या झटक्यावर नाचले. माझी बोटं नुसती गाण्याचं नाव सांगत होती. एवढं लिहून मी थांबतो, कारण लहानूचा विषय मी काढणार नव्हतो.

तर सविताच्या लग्नासाठी माझा बेत ठरलेला आहे. तुम्ही बेंजो सांगितला असेल तर राहू द्या, वरातीत तो मागे राहील, मी पुढे असेन. बहिरूशी बोललो आहे, तो संबळ घेऊन येतो. आमच्या भाचीचं लग्न चांदवडला लोक दहा वर्षं विसरणार नाहीत असं मी वाजवीन, आणि तुमचा गुडघा बरा असो नाहीतर नसो, तुम्हाला नाचावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. अक्काला नाचवायची जबाबदारीही माझी. बाकी सर्व क्षेम. लहानमोठ्यांना यथायोग्य.

तुमचा मेहुणा,
भिकन

ता. क. तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहिलं. भटजी मुलीच्या मामांना पुकारतील तेव्हा सविता मांडवात नुसती चालत येणार नाही, वाजत येणार, आणि वाजवणार मी. म्हणजे माझे दोन्ही हात पट्ट्यांत अडकलेले असणार, आणि ते लवकर निघत नाहीत हे मी वर सविस्तर लिहिलं आहे. तेव्हा पोरीचा हात धरायला आणि मंगलाष्टकांना तिच्या पाठीमागे उभं राहायला लहानूलाच बोलवावं लागेल. माझा इलाज नाही. मालेगावला काही कळवू नका. अक्काला स्वतः वणीला पाठवा, अक्षता देऊन. तुम्ही पत्राने बोलावलंत तर तो यायचा नाही, आणि मी बोलावलं असं कळलं तर मुळीच यायचा नाही. त्याला एवढंच सांगा की मोठ्याचे हात अडकले आहेत. हिरामणची सासुरवाडी चांदवडला आहे म्हणून हे पाकीट त्याच्याबरोबर देतोय, सोबत एक टोपी आहे. ललिताच्या लग्नात पडलेली. मी जपून ठेवली होती असं नाही, ट्रंकेत जागा होती. अक्काने ती बरोबर न्यावी.

ता. क. दुसरा. ती. दाजींना आणि वन्संना वत्सलाचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. मी सिन्नरला नाचले नाही, पायात खडा गेला होता. टोपी दर दसऱ्याला धुऊन इस्त्री करून ठेवायला सांगतात, म्हणून अजून पांढरी आहे. आणि त्या पट्ट्यांचं म्हणाल तर त्यांना एकेक बटण आहे, चिमटीत धरलं की सुटतं. घरी चहा आला की कप खाली ठेवायच्या आत यांचे दोन्ही हात मोकळे असतात. वन्सं, एवढं तेवढं लहानू भावजींना कळू देऊ नका.